‘आधी वजन कमी कर’: खानापूर भागातल्या एका तरुणीच्या पीसीओएसचं प्रकरण

रुग्ण २४ वर्षांची, अविवाहित, बी.कॉम. झालेली. घर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाची. मी बेळगावात मानसोपचाराची ओपीडी चालवते. गावाकडच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे झोपेसाठी पाठवलं होतं. चिठ्ठीवर ‘झोप नाही, चक्कर, अंगदुखी, पीसीओडी जुना’ एवढंच. पीसीओडी म्हणजेच पीसीओएस, अंडाशयांचा नि संप्रेरकांचा, पाळी बिघडवणारा आजार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि सारख्याच दोन-तीन मुलींची हकिगत इथे एकत्र केली आहे.)

बोलत आईच होती. मुलगी टेबलाच्या कडेवर नजर लावून बसलेली. “म्याडम, ही जेवत नाही म्हनत्या आणि वजन तर वाढायलंय. रात्रभर जागी असत्या, सकाळी उठवलं की अंगावर येत्या. कामावर जाऊन महिना झाला. काय झालंय बघा की हिला.”

तालुका दवाखान्यांत ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसिक आरोग्याची ओपीडी असते, औषधं फुकट मिळतात. तिकडे का गेला नाहीत असं मी विचारलं. “तितं सगळी वळखीची असतात की.” बेळगावची बस २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना मोफत आहे, त्यामुळे ओळखीच्यांपासून लांब येणं तिकिटाच्या पैशात तरी महाग पडत नाही. पुढचे सगळे महिने ही मुलगी उपचारात टिकली त्यात या मोफत बसचा वाटा मी बराच मोठा धरते. तपासण्यांचे पैसे आईला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत दरमहा मिळणाऱ्या दोन हजारांतून निघाले.

पिशवीतले कागद

आईनं कापडदुकानाची एक पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन वर्षांचे कागद. पहिली सोनोग्राफी पाळी अडीच महिने चुकली म्हणून केलेली. त्यानंतर आणखी तीन: दोन बेळगावात, एक कोल्हापुरात, कारण मावशी गडहिंग्लजला आणि तिच्या ओळखीचे डॉक्टर तिकडे. सीमाभागातल्या घरांची ही रीतच आहे. इकडे गुण आला नाही की कोल्हापूर, तिथून मिरज, आणि प्रत्येक ठिकाणी नवी फाईल नि नवी सोनोग्राफी. चारही रिपोर्टांत मजकूर एकच: दोन्ही अंडाशयं आकारानं मोठी, कडेनं बारीक फॉलिकल्सची माळ.

सोनोग्राफी परत परत करून या आजारात नवं काही हाती लागत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष थोड्या सुधारणांसह आजही चालतात. पाळीची अनियमितता, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिनांपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरी कारणं वगळली की निदान होतं. पहिल्या दोन गोष्टी हिच्या बाबतीत समोरच दिसत होत्या. अशा वेळी सोनोग्राफी लागतच नाही, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. चार रिपोर्टांनी एक काम मात्र केलं. आईच्या मनात ‘गाठी’ बसल्या, आणि ऑपरेशन करून त्या काढता येतील का, हा तिचा पहिल्या भेटीतला खरा प्रश्न होता. त्या गाठी नव्हेत, अर्ध्यात वाढ थांबलेली अंडपुटकं आहेत, काढायचं काही नाही, हे मी सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही.

उपचारांचा इतिहास असा. पहिल्या ठिकाणी सायप्रोटेरॉनवाली, संप्रेरकांची संयुक्त गोळी दिली. पुटकुळ्या कमी झाल्या, पाळी तारखेला आली. दुसऱ्या पाकिटापासून हिला विनाकारण रडू यायला लागलं, तिसरं पाकीट संपलं तसं हिनंच ते बंद केलं आणि पाळीही पुन्हा बंद. घरातला निष्कर्ष: ‘गोळ्यांची सवय लागली.’ पाकीट संपल्यावर येणारा रक्तस्राव संप्रेरकं थांबल्यामुळे येतो, गोळी बंद केल्यावर मूळची अनियमितता परत दिसते, हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी, पहिल्याच दिवसापासून एक हजार मिलिग्रॅम. हिला रोज खानापूरहून बसनं उद्यमबागेला उतरायचं. चौथ्या दिवशी पिरनवाडीच्या आधीच पोट इतकं बिघडलं की मध्येच उतरून एका अनोळखी घराचं दार वाजवावं लागलं. त्यानंतर ती गोळी तिनं हातात धरली नाही, आणि डॉक्टरांनाही सांगितलं नाही. मग मोबाईलवर बघून भात-भाकरी पूर्ण बंद करायचं डाएट: पाच किलो गेले, आठ परत आले. मध्ये मावशीनं दिलेला काढा. मध्ये अंगारा.

आणि एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचं होतं. दोन-दोन महिने पाळीचा पत्ता नसलेल्या या मुलीला, ‘नेमकी त्याच दिवशी आली तर?’ म्हणून आत्तीनं मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून खायला लावल्या.

जवळजवळ प्रत्येक कागदावर ‘वजन कमी करा’ लिहिलेलं, एकावर दोन रेघा मारून. तीन वर्षांत वजन ५८ वरून ७४ किलोवर गेलं होतं, उंची १५६ सेंटिमीटर. झोप, भूक, रडणं, कामात चित्त लागणं यांबद्दल मात्र एवढ्या कागदांत एक ओळ नव्हती.

दार लावल्यावर

तपासताना मान पुढे झुकवायला सांगितली. ओढणी घट्ट लपेटलेली होती, ती सैल करायला तिनं वेळ घेतला. मानेमागची कातडी काळपट, जाडसर, आणि तिच्यावर लालसर ओरखडे. विचारलं तर आई म्हणाली, “मळ बसतोय म्हणून दर रविवारी मीच वजरीनं घासत्ये.” रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की मानेवर नि काखेत अशी कातडी होते, घासून ती जात नाही, सोलवटते. हे ऐकून आई गप्प झाली. मुलीनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हनुवटीवर दोऱ्यानं केस काढल्याच्या खुणा होत्या. दर आठ-दहा दिवसांनी पार्लर, आणि मधले दिवस मास्क. कोरोना संपून इतकी वर्षं झाली, हिचा मास्क सुटला नव्हता. ऑफिसात तिला सगळे ‘धुळीची ॲलर्जी’वाली म्हणून ओळखत होते.

आईला बाहेर बसवलं. आईला ते आवडलं नाही. अविवाहित मुलीशी एकटीशी काय बोलायचं असतं, असा तिचा चेहरा. पण ही खोली रिकामी केल्याशिवाय अशा प्रकरणात खरं काही बाहेर येत नाही, आणि पाळी चार महिने थांबलेल्या मुलीला विचारायचे काही प्रश्न आईसमोर विचारताच येत नाहीत. लघवीची गर्भचाचणी करावी लागेल हेही मी तिला एकटीलाच सांगितलं. कारण सांगितल्यावर तिनं निमूट होकार दिला. ती निगेटिव्ह आली.

मग ती बोलायला लागली. पहाटे तीनला जाग येते नि छातीत धडधडतं. ऑफिसात जीएसटीचे आकडे दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चुकतील या भीतीनं ती जायचीच बंद झाली. दिवसा कुणासमोर जेवत नाही, कारण ताटाकडे बघून कोणी ना कोणी बोलतंच. रात्री अकरानंतर सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून खारी, बटर, फरसाण, हाताला लागेल ते भराभर खाते, आणि मग स्वतःची किळस येते. पुढच्या सकाळी पुन्हा उपास. “मला कोण बघूच नये असं वाटतंय,” ती म्हणाली. आत्ती सगळ्यांदेखत ‘अगं, मिशा आल्यात की हिला’ म्हणाली होती, त्या दिवसापासून तिनं घरातल्या कुठल्या कार्यक्रमात पाऊल टाकलं नव्हतं.

मरणाचे विचार येतात का, हे मी थेट विचारलं. असं विचारल्यानं विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. तिला ‘सकाळ उजाडलीच नाही तर बरं’ असं वाटायचं. ठरवलेलं काही नव्हतं, आधी कधी प्रयत्नही नव्हता. तरी शेतकऱ्याचं घर. फवारणीची औषधं परसात उघड्यावर असतात. आईला आत बोलावून, मुलीच्या परवानगीनं, मोघम न ठेवता सांगितलं: ती औषधं आजच्या आज चुलत्यांकडे कुलपात, किल्ली तिथेच. केसपेपरच्या मागे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. तिथे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही, रात्री-अपरात्रीही.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी, कमाल गुण २७. हिचे १९. जीएडी-७ ही चिंतेची, कमाल २१, हिचे १३. नैराश्य मध्यमापेक्षा वरचं, जवळजवळ तीव्र. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात उत्साह मावत नाही, भरमसाट बोलणं, खर्च, असा काळ येऊन गेला का हेही विचारून घेतलं. नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी हे विचारावंच लागतं, कारण द्विध्रुवी आजार असेल तर औषधाची दिशाच बदलते. तसं काही नव्हतं. बरंच झालं, कारण त्या आजारात अनेकदा वापरलं जाणारं व्हॅल्प्रोएट तरुण मुलीला देण्यासारखं औषध नव्हे: गर्भाला त्याचा मोठा धोका असतोच, शिवाय त्यानं स्वतःहून वजन, अँड्रोजेन आणि पाळीची गडबड होऊन पीसीओएससारखंच चित्र उभं राहू शकतं.

तपासण्या, आणि एक पित्ताची गोळी

थायरॉइड आधी बघायचं. ते मंदावलं तरी वजन वाढतं, पाळी बिघडते, मन खचतं, आणि मग सगळं खापर पीसीओएसवर फुटतं. टीएसएच नॉर्मल आलं. टेस्टोस्टेरॉन किंचित वर. हिमोग्लोबिन १०.४. बी-१२ १६८, म्हणजे कमीच. घर शाकाहारी, दूध चहापुरतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १५२. हा मधुमेह नव्हे, पण १४० च्या वर गेली म्हणजे वाट त्या दिशेची. उपाशीपोटीची साखर एकटी पाहिली असती तर हे निसटलं असतं. ती ९८ होती.

प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, मात्र ४६, वाढलेलं. मेंदूतल्या पिट्युटरीचा एमआरआय करावा का, असा प्रश्न इथे येतो, आणि गृहलक्ष्मीच्या किती तरी महिन्यांचे पैसे त्यात जातात. मी परत पिशवीकडे वळले. दोन महिन्यांपासून ‘पित्ताची’ म्हणून चालू असलेल्या कॅप्सूलवर रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड होतं. पित्तासाठी ही जोडी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते आणि चिठ्ठीशिवायही मिळते. लेव्होसल्पिराइडनं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी थांबते. आमच्या शाखेतल्या रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड या औषधांनीही हेच होतं, हे आम्हा मानसोपचारवाल्यांना पाठ असतं. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये तोच गुण लपलेला असतो हे रुग्णाच्या ध्यानीमनीही नसतं. कॅप्सूल बंद केली. चार आठवड्यांनी प्रोलॅक्टिन १४. पीसीओएस तिला होताच, पण शेवटचे दोन महिने पाळी अजिबात न येण्यात या कॅप्सूलचाही हात असणार.

हार्मोन्स आणि मन

नात्यातली एक बी.एस्सी. नर्सिंग शिकणारी बहीण तिच्याबरोबर दुसऱ्या भेटीला आली होती. तिचा प्रश्न सरळ होता: “हार्मोन्समुळं डिप्रेशन आलंय, मग हार्मोन्स ठीक केली की जाईल की नाही?”

पीसीओएसमध्ये एक चक्र फिरत असतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयातल्या पेशींना अँड्रोजेन बनवायला उद्युक्त करतं. शिवाय त्यामुळे यकृतात बनणारं, टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मेंदूकडून एलएच या संप्रेरकाचे इशारे जलद येत राहतात, तेही अंडाशयाला त्याच दिशेनं ढकलतात. अंडं पक्व होऊन सुटत नाही, म्हणून त्यानंतर येणारं प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून पाळी नाही. या चक्राच्या धाग्यांचे मनाशी संबंध आहेत: इन्सुलिनला दाद न देणं आणि नैराश्य बरेचदा सोबत आढळतात, शरीरात हलका दाह चालू असतो, झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण या स्त्रियांत जास्त असतं आणि तुटकी झोप एकटीच माणसाला खचवायला पुरते.

पण सरळ गणित मांडता येत नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता इतर स्त्रियांपेक्षा बरीच जास्त आढळतात, वजन सारखं असलेल्या स्त्रियांशी तुलना केली तरी फरक उरतो. म्हणजे केवळ जाडीमुळे हे होत नाही. त्याच वेळी, टेस्टोस्टेरॉन जितकं वर तितकं नैराश्य गडद, असंही दिसत नाही. चेहऱ्यावरचे नि अंगावरचे केस मोजायला फेरिमन-गॅलवे नावाची नऊ जागांची गुणतालिका आहे. तिच्यात कमी गुण असलेली मुलगी घराबाहेर पडायची बंद होते आणि जास्त गुणांची निवांत असते, हे मी कितीदा पाहिलंय. हिचं टेस्टोस्टेरॉन किंचितच वर होतं. आत्तीचं वाक्य मात्र पूर्ण ताकदीचं होतं.

त्या बहिणीला मी सांगितलं की दोन्हींकडे स्वतंत्रपणे बघावं लागेल. एक बरं होईल तेव्हा दुसरं आपोआप जाईल या आशेवर तीन वर्षं गेलीच आहेत. मार्गदर्शिकाही हेच म्हणते: निदान झालं त्या वेळीच प्रत्येकीला नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारा.

आधी काय

इथे माझा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीचा थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, तू डिप्रेशन बघ, मी पाळी नि साखर बघते, सगळं आजच सुरू करू. मला ते मान्य नव्हतं. एसिटालोप्रॅम या नैराश्याच्या गोळीनं पहिल्या आठवड्यात मळमळतं, मेटफॉर्मिननं पोट ढवळतं. दोन्ही एकदम दिली तर ही मुलगी दोन्ही सोडणार, आणि कशानं काय झालं हे कुणालाच कळणार नाही. शिवाय जिला अंथरुणातून उठवत नाही तिला रोज पाऊण तास चाला, साखर सोडा, सात गोळ्या वेळेवर घ्या असं सांगणं म्हणजे तिच्या अपयशांच्या यादीत भर घालणं. तीन वर्षं तेच झालं होतं. ‘आधी वजन कमी कर, मग सगळं आपोआप’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अर्धा खरा आहे, पण नैराश्यातल्या माणसाकडून तो पार पडत नाही. नैराश्य उतरू दे, मग चालणं, खाणं, मेटफॉर्मिन.

मैत्रिणीचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. चार महिने पाळी नाही म्हणजे गर्भाशयाचं अस्तर साचतंय, आणि वर्षानुवर्षं असं साचत राहिलं तर पुढे अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ते थांबू शकत नाही. शेवटी ठरलं ते असं: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम दहा दिवस, म्हणजे अस्तर पडून जाईल, एसिटालोप्रॅम ५ पासून, आठवड्यानं १०, बी-१२ आणि लोह. मेटफॉर्मिन महिन्यानंतर. मिर्टाझापिन हे नैराश्याचंच दुसरं औषध झोपेला छान, पण त्यानं भूक नि वजन वाढतं, म्हणून ते टाळलं. पॅरॉक्सेटिनही त्याच कारणानं. संयुक्त गोळी पुन्हा द्यावी असं मैत्रिणीला वाटत होतं, केसांसाठी तीच पहिली पसंती असते. मुलीनं नकारार्थी मान हलवली. त्या गोळीनंच रडू यायचं की नाही हे आता सांगता येणार नाही, पण काहींना संप्रेरकांच्या गोळ्यांनी मन उतरल्याचा अनुभव येतो, आणि जिला तो आलाय तिला नैराश्याच्या ऐन भरात परत तीच देण्यात शहाणपण नव्हतं.

पुढचे महिने

जून संपत आला होता. जुलैत खानापूरकडे ‘रोज फिरायला जा’ म्हणणं ही चेष्टाच, तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पहिलं काम दिलं ते सकाळी सातला उठून सोप्यात बसून चहा प्यायचा, झोप झालेली असो नसो. दुसरं, तीन वेळा ठरल्या वेळी जेवायचं, सकाळचं चुकवायचं नाही. नाचण्याची आंबील किंवा भाकरी-उसळ. डब्यात भात निम्मा, आमटी-उसळ दुप्पट. भात बंद अजिबात नाही. रात्रीचं खाणं मी थांबव म्हटलं नाही. दिवसा पोट भरलं की रात्रीचा झटका बराचसा स्वतःच कमी होतो, आणि तसा तो झाला. घरातला वजनकाटा माळ्यावर टाकायला लावला. चहा जेवणाला लागून घ्यायचा नाही, नाहीतर लोहाची गोळी वाया.

घरच्यांची एक बैठक झाली. वडील शेवटपर्यंत गप्प, आज्जी मात्र आली आणि तिनंच विचारलं, “हिला पोरं व्हायची का नाही?” मूल होत नाही हा या आजाराबद्दलचा सगळ्यात मोठा बागुलबुवा. बहुतेकींना होतं, काहींना अंडं सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळीची काही महिने मदत लागते. हे ऐकून घरातलं वातावरण जितकं निवळलं तितकं माझ्या कुठल्याच औषधानं निवळलं नसतं. अट एकच घातली: तिच्या अंगाबद्दल, ताटाबद्दल, चेहऱ्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. आत्तीला हे कोण सांगणार यावर थोडी शांतता पसरली. आज्जी म्हणाली, “मी सांगत्ये.”

तिसऱ्या आठवड्यापासून झोप सुधारली. पाचव्या आठवड्यात अर्धा दिवस ऑफिस. मेटफॉर्मिन ५०० ची, हळूहळू विरघळणारी, रात्रीच्या जेवणाबरोबर सुरू केली. बसमध्ये काही झालं नाही. मग हजारवर नेली. आठव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चे गुण १०, ऑक्टोबरात ६. सप्टेंबरात पाळी आपली आपण आली. तिनं मला त्या दिवशी फोन केला होता, आणि आवाज असा की दुसरीच कुणी बोलतेय वाटावं.

मग तुळशीचं लग्न झालं आणि बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. गडहिंग्लजकडचं पहिलंच स्थळ. मुलाच्या मामीनं निघताना दारातच ‘फोटोत बारीक दिसते’ असं म्हटलं. नकार चार दिवसांनी आला, पण ही त्याच रात्री ओट्यापाशी होती. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद. एसिटालोप्रॅम असं झटक्यात सोडलं की चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. ती घाबरली, आपल्याला मेंदूचा आजार झालाय म्हणून. दोन आठवड्यांनी आली तेव्हा गुण १४. आई म्हणाली, “म्याडम, सगळं पाण्यात गेलं की.” गेलं नव्हतं. मरणाचे विचार या वेळी नव्हते, ऑफिस तिनं सोडलं नव्हतं, आणि तिनं स्वतःहून बहिणीला सगळं सांगितलं होतं. गोळी परत सुरू केली, आणि मार्चपर्यंत एकही स्थळ नको, हे वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं.

जानेवारीत गुण ७. वजन ७१.५. सात महिन्यांत अडीच किलो. पिशवीतल्या कागदांच्या हिशेबानं ही नापासच. दोन तासांची साखर १३४ वर आली होती, कमरेचा घेर कमी झाला होता, पाळ्यांतलं अंतर चाळीस-पन्नास दिवसांवर आलं होतं. मानेचा काळेपणा तसाच आहे, तो उतरायला वेळ लागतो. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोनचा विचार झाला. गर्भ राहिल्यास ते मुलग्याच्या वाढीला बाधू शकतं, म्हणून खात्रीचं गर्भनिरोधन नसताना ते देत नाहीत, आणि इथे लग्नाची बोलणी कधी सुरू होतील याचा नेम नाही. तिनं लेझर निवडलं, पगारातून, टप्प्याटप्प्यानं. पीसीओएसमध्ये ते पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे तिला आधीच सांगून ठेवलंय.

एसिटालोप्रॅम बरं वाटायला लागल्यापासून सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवायचं असतं. नोव्हेंबरातली घसरण धरता तो काळ जानेवारीपासून मोजायचा असं ठरलं, आणि बंद करताना हळूहळू उतरवत. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-१२ वर नजर, कारण मेटफॉर्मिननंच ते आणखी खाली जातं. पाळी ९० दिवस आली नाही तर पुन्हा दहा दिवसांचं प्रोजेस्टेरॉन. साखरेची तीच चाचणी वर्षानं.

स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीच्या ओपीडीत आता पाळीच्या तक्रारीवर येणाऱ्या प्रत्येक मुलीला सिस्टर वजन-बीपीबरोबर दोन प्रश्न विचारते: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, हताश किती दिवस वाटलं. सिस्टरची तक्रार आहे की यानं रांग लांबते. लांबतेच. ‘रोजच’ म्हणणाऱ्या मुलीला अर्धा तास द्यावा लागतो, आणि तो सोमवारच्या गर्दीत कुठून काढायचा, हे अजून आमचं ठरलेलं नाही.